बिल कोण भरणार ते नंतर, आधी हजार लिटरला किती युनिट जातात ते सांगा

दर उन्हाळ्यात हा वाद ठरलेलाच असतो. एखाद्या गावच्या पाणीयोजनेचं वीजबिल थकतं, कनेक्शन कापलं जातं, बायका हंडे घेऊन ग्रामपंचायतीसमोर बसतात आणि मग लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो पिण्याचं पाणी आहे, कारखाना नाही, बिल शासनाने भरावं नाहीतर माफ करावं. दुसरा तट, आणि यात आम्ही पुण्यात राहणारेच जास्त असतो, म्हणतो की पाणीपट्टी भरायची नाही आणि नळाला पाणी मात्र पाहिजे, असं कसं चालेल. हल्ली एक तिसरा तटपण आहे, त्यांचं म्हणणं सोलर लावा, विषय संपला. घरच्या ग्रुपवर, गावच्या ग्रुपवर, डबा खाताना ऑफिसात, मी हे इतक्यांदा ऐकलंय की कोण पुढे काय बोलणार ते आधीच कळतं, आणि दर वेळी एकाच गोष्टीचा त्रास होतो. ते बिल मुळात एवढं का येतं, हे कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. गावच्या छोट्या पाणीयोजनेत जेवढी वीज खर्च होते त्यातली बरीचशी पाणी वर चढवण्यात जातच नाही. ती जाते अर्धवट बंद ठेवलेल्या व्हॉल्व्हमध्ये, गरजेपेक्षा मोठ्या पंपात, बारीक पाइपात, चार-चारदा रिवाइंड केलेल्या (जळल्यावर आतली तार नव्याने भरलेल्या) मोटरीत, गळतीत आणि ओसंडून वाहणाऱ्या टाकीत. हे मोजलंच नाही तर बिल माफ करा, वसूल करा नाहीतर सोलर लावा, वाया गेलेल्या विजेचेच पैसे तुम्ही भरताय, फक्त खिसा बदलतोय. म्हणून पहिला प्रश्न हा पाहिजे की तुमच्या गावात हजार लिटर पाण्याला किती युनिट लागतात. हा आकडा सांगू शकेल असा सरपंच मला अजून भेटलेला नाही, आणि यात सरपंचाचा दोष नाही, त्याला तो कधी कुणी विचारलेलाच नाही.

मी भोसरीत पंप टेस्टिंगच्या कामात २० वर्षं आहे आणि माझं माहेर पुरंदर तालुक्यात. काका ग्रामपंचायतीत सदस्य आहेत. एका मार्च महिन्यात त्यांचा फोन आला की बिल भरून पंचायतीचं कंबरडं मोडलंय, तू रोज पंपच बघतेस ना, एकदा येऊन आमचापण बघ. रविवारी गेले. विहिरीच्या कडेला पत्र्याचं शेड, आत स्टार्टरचा पॅनल, पॅनलवर दसऱ्याच्या पूजेची हळद-कुंकवाची बोटं आणि झेंडूचं वाळलेलं तोरण. पाइपावरच्या प्रेशर गेजची काच फुटलेली, काटा शून्यावर गंजून बसलेला. पाणी सोडणारे दादा पन्नाशीचे, गेली बरीच वर्षं तेच हे काम करतात. मी पंप चालू करायला सांगितला आणि बघितलं तर मेन व्हॉल्व्ह अर्धासुद्धा उघडलेला नव्हता. म्हटलं दादा, हा पूर्ण का उघडत नाही? तर म्हणाले, "ताई, फुल्ल उघडला का स्टार्टर ट्रिप होतोय बघा. जोडून दिला तवाच त्या माणसानी सांगितलं व्हतं, एवढाच ठिवायचा. तवापास्नं एवढाच हाय."

मी कामावरून दोन गेज नेले होते. व्हॉल्व्हच्या अलीकडे एक लावला, पलीकडे एक. अलीकडे ८ किलो, पलीकडे ४ किलो. ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते, १ किलो प्रेशर म्हणजे पाणी साधारण १० मीटर उंच चढवायची ताकद. म्हणजे हा पंप ४० मीटरची ताकद, तेरा मजली बिल्डिंगच्या गच्चीवर पाणी नेईल एवढी, तयार करत होता आणि ती सगळी त्या अर्ध्या बंद व्हॉल्व्हमध्ये जिरत होती. हात लावला तर व्हॉल्व्हची कंपनं कोपरापर्यंत जाणवत होती. गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धरायचा आणि वेग ब्रेकने कमी करायचा, असं रोज आठ तास, वर्षाचे ३६५ दिवस.

असं का झालं तर पंप गावाच्या गरजेपेक्षा खूप जास्त हेडचा, म्हणजे खूप जास्त उंचीवर पाणी चढवणारा, बसवला होता. विहिरीतल्या पाण्यापासून टाकीपर्यंतची उंची आणि पाइपातलं घर्षण धरून गावाला ५० मीटर पुरत होते, पंप मात्र ९० मीटरचा होता. असा पंप मोकळा सोडला की तो जास्त पाणी फेकायला लागतो, मोटर जास्त अँपिअर ओढते आणि ओव्हरलोड रिले तिला बंद पाडतो. मग उपाय काय, तर व्हॉल्व्ह आवळायचा. पाणी सोडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं, मोटर जळत नाही आणि टाकी भरते, त्याला अजून काय पाहिजे?

आता हिशेब बघा, कारण सगळं म्हणणं या हिशेबावर उभं आहे. टाकी १ लाख लिटरची, दिवसातून दोनदा भरते, म्हणजे २ लाख लिटर. हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला कमीत कमी ०.२७ युनिट लागतंच, त्यात कुणाला घासाघीस करता येत नाही. ५० मीटरला त्याच्या निम्मं. म्हणजे या गावाचं रोजचं खरं काम साधारण २७ युनिटचं. पंप आणि मोटर दोघांनीही आपापला वाटा खायचा असतो, तो धरला तर चांगल्या सेटला ४५ ते ५० युनिट लागतील. आणि आम्ही पंप चालू करताना आणि टाकी भरल्यावर मीटर वाचला, दिवसाला ९० युनिट जात होते. हजार लिटरला ०.४५ युनिट. पुढे काही फार मोठं केलं नाही. बारा स्टेजचा, म्हणजे पाणी टप्प्याटप्प्याने वर ढकलणाऱ्या बारा पंख्यांचा, सबमर्सिबल होता, चेनपुली लावून वर काढला, चार स्टेज कमी केल्या, परत सोडला आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. स्टार्टर पडला नाही. पूर्वी चार तासांत भरणारी टाकी पावणेचार तासांच्या आत भरली आणि रोजचे युनिट ६० च्या खाली आले. मेकॅनिकची दिवसाची मजुरी आणि चेनपुलीचं भाडं, एवढाच खर्च. हिशेबापुरतं युनिट ७ रुपये धरलं तर वर्षाला पाऊण लाखाच्या वर पैसे वाचतात, आणि हे ३ हजार वस्तीचं एक गाव आहे.

चोर शोधायची घाई मात्र करू नका. ठेकेदाराने पैसे खाल्ले, इंजिनिअरने डोळेझाक केली, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे आणि तसं कुठे होत असेलही, पण मोठा पंप बसायला भ्रष्टाचार लागत नाही. योजना आखताना पाइपलाइन पुढच्या ३० वर्षांच्या लोकसंख्येसाठी धरतात, पंप १५ वर्षांसाठी. त्यावर दुष्काळात विहिरीची पातळी खाली जाईल म्हणून थोडं जास्त, पाइप जुने होतील म्हणून अजून थोडं, कागदावर जो साइज निघतो तो बाजारात नसतो म्हणून त्याच्या वरचा साइज. प्रत्येकजण आपापल्या जागी सेफ साइड धरतो. पंप लहान पडला तर त्याला जाब विचारतात, मोठा पडला तर त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण बिल दुसऱ्याच्या नावावर येतं. खरेदी करणारा एक, बिल भरणारा दुसरा आणि व्हॉल्व्ह फिरवणारा तिसरा, आणि हे तिघं एका टेबलावर कधी बसतच नाहीत. टेंडरमध्ये सर्वांत कमी किमतीचा पंप निवडतात. पण असा पंप वर्ष-दीड वर्षात स्वतःच्या किमतीएवढी वीज खातो आणि पुढे दहा-बारा वर्षं खात राहतो, तो आकडा टेंडरच्या कागदावर कुठे असतो का?

आता समोरच्यांचं जे बरोबर आहे ते मान्य करायलाच पाहिजे. पहिली गोष्ट, गावाला फुकटे म्हणणं अन्यायाचं आहे. पुण्यात तरी आपण कुठे वापराप्रमाणे पैसे भरतो? बहुतेक घरांची पाणीपट्टी घराचं करपात्र मूल्य बघून लागते, नळातून किती पाणी गेलं हे बघून नाही. खडकवासल्याचं पाणी शहरभर फिरवायला जी वीज लागते तिच्या बिलाची आपल्याला खबरसुद्धा नसते, कारण महापालिकेच्या मोठ्या बजेटमध्ये ते दिसत नाही. ३ हजार वस्तीच्या पंचायतीत तेच बिल नोटीस बोर्डावर दिसतं. लहान योजनेत माणशी खर्च जास्तच येतो, मोटर एक, ऑपरेटर एक, आणि तो वाटून घ्यायला घरं थोडी. तेव्हा शासनाने हात द्यावा याला माझा विरोध नाही, द्यायलाच पाहिजे. पण तो हात व्हॉल्व्हमध्ये जिरणाऱ्या ४० मीटरला का द्यायचा? तेच पैसे एकदा योग्य पंपावर घातले तर पुढच्या वर्षी मदतच कमी लागेल.

आणि बिल माफ करून मोजणं बंद झालं की काय होतं हे आपल्या राज्याने एकदा बघितलंय. १९७० च्या दशकात शेतीपंपांचं मीटरप्रमाणे बिल बंद करून एचपीवर बिल लावायला सुरुवात झाली. हेतू चांगला होता, गावोगाव मीटर वाचत फिरायचा खर्च वाचेल, शेतकऱ्याला सुटसुटीत पडेल. पण एकदा मीटर गेला आणि पंप चांगला की वाईट हा प्रश्नच संपला, कारण दोन्हीला बिल तेवढंच. आयएसआय मार्क बघून पंप घ्यायची गरज राहिली नाही, मोटर दणकट पाहिजे, वीज कितीही खाऊ दे. शेतीला नक्की किती वीज जाते आणि गळती-चोरी किती, यावर वीज नियामक आयोगापुढे वर्षानुवर्षं वाद झाले कारण खात्रीचा आकडा कुणाकडेच नव्हता. २००४ मध्ये शेतीला मोफत वीज जाहीर झाली आणि २००५ मध्ये मागे घेतली गेली, २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत परत मोफत आहे. मोफत द्यावी की नाही हा वेगळा विषय आहे, शेतकऱ्याची अवस्था बघता मी त्यावर घाईने बोलणार नाही. मला फक्त एवढंच दिसतं की मोजणं थांबलं ते थांबलं, पन्नास वर्षांनीसुद्धा ते धड परत सुरू झालेलं नाही. गावच्या पाणीपुरवठ्याला अजून मीटर आहे. तो घालवू नका, बिल कुणीही भरो.

दुसरी गोष्ट सोलरची, आणि इथे समोरची बाजू सगळ्यात भक्कम आहे. पाणीयोजनेएवढं सोलरला सोयीचं काम दुसरं नाही. दिवसा ऊन आहे तेव्हा पंप चालवा, टाकी भरून ठेवा, बॅटरी लागतच नाही कारण उंच टाकीतलं पाणी हीच बॅटरी. लाइन कधी येईल याची वाट बघत रात्री दोनला पंप चालू करायला जायचं, अंधारात, पावसात, साप-विंचवाच्या भीतीत, तो त्रास संपतो. मी सोलरच्या विरोधात अजिबात नाही. पण १ किलोवॉटचं सोलर आपल्याकडे दिवसाला साधारण ४ युनिट देतं. आमच्या गावाने मार्चच्या आधी सोलर लावलं असतं तर ९० युनिटसाठी २२ किलोवॉटच्या वर पॅनल लागले असते. चार स्टेज काढल्यावर १५ मध्ये भागतं, आणि उद्या चांगला पंप बसवला तर १२ मध्ये. म्हणजे आधी सोलर लावणारं गाव दुप्पट पॅनल घेतं, आणि त्यातले निम्मे उरलेलं आयुष्य व्हॉल्व्ह तापवायला. जागा दुप्पट, स्ट्रक्चर दुप्पट, धुवायचे पॅनल दुप्पट. अनुदानातून आलं म्हणून ते फुकट होत नाही, तेवढ्याच पैशात शेजारच्या गावालापण सोलर मिळालं असतं. क्रम महत्त्वाचा आहे, आधी पंप आणि पाइप, मग पॅनल.

तिसरी गोष्ट मला माझ्याच क्षेत्रातल्या लोकांनी ऐकवली आणि तिच्यावर मी बराच विचार केला. ते म्हणतात गावात एफिशियन्सी काय घेऊन बसलीस, तिथे टिकाऊपणा महत्त्वाचा. फीडरच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या लाइनच्या, शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडतं, कधी एक फेज जातो, अशा ठिकाणी टाइट क्लिअरन्सचा, म्हणजे आतल्या फटी अगदी कमी असलेला, नाजूक पंप कशाला, जाड वाइंडिंगची मोटर बरी, पंप एक दिवस बंद पडला तर टँकर मागवावा लागतो आणि त्यात वर्षाची बचत जाते. हे खरं आहे. चार दिवस पाणी नसलं की गावात काय हाल होतात ते लहानपणी आईच्या डोक्यावरच्या हंड्यात बघितलंय, त्यापुढे युनिटचा हिशेब कुणी सांगू नये. पण पंप बंद का पडतात ते बघितलं की दिसतं, वीज वाया जाते त्याच कारणांनी मोटर जळते. आवळलेल्या व्हॉल्व्हवर पंप चालवला की बेअरिंगवर ताण येतो, कंपनं वाढतात. कपॅसिटर उडालेला असला की करंट वाढतो, केबल तापते. व्होल्टेज कमी असताना मोठी मोटर चालू केली की व्होल्टेज अजून पडतं. मग वाइंडिंग जळतं, रिवाइंडिंगला टाकतात, घाईघाईत भरलेल्या वाइंडिंगने मोटरची क्षमता अजून घसरते, ती अजून तापते आणि पुढच्या उन्हाळ्यात परत जळते. आमच्या दादांच्या वहीत मोटर कधी जळली त्याच्या तारखा होत्या, दोन वर्षांत तीनदा. योग्य मापाचा पंप, धड कपॅसिटर, चालू असलेला फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) आणि एक न फुटलेला गेज, याच वस्तू वीजपण वाचवतात आणि टँकरपण वाचवतात. मग यात टिकाऊपणा विरुद्ध बचत असं भांडण येतंच कुठे?

टिकाऊपणावरून हातपंपांची गोष्ट आठवते. ७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे आपल्या कातळात रिग लावून गावोगाव बोअर मारले गेले, त्यांवर बिडाचे हातपंप बसवले. त्या पंपांची रचना एका घरापुरती होती आणि त्यांवर अख्खं गाव पाणी भरायला लागलं. हँडलचे सांधे झिजले, पंप बंद पडले, आणि कागदावर मात्र बोअर किती मारले याचेच आकडे चढत होते, चालू किती आहेत हे कुणी मोजत नव्हतं. वाट दाखवली ती आपल्याच जालना आणि सोलापूरकडच्या कामांनी. तिथे पंप कुठे मोडतो हे बघून पोलादी हँडल आणि एका खुंटीवर फिरणारी रचना तयार झाली, त्यातूनच पुढे युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू हातपंप आला, तोच जो आज शाळेच्या आवारात आणि मंदिरासमोर दिसतो. नुसते नवे बोअर मारत राहण्याऐवजी कुणीतरी मोडलेला पंप उघडून बघितला म्हणून हे झालं. आज आपण जलजीवन मिशनमध्ये नळजोडण्या मोजतोय. २०१९ मध्ये योजना जाहीर झाली, माणशी रोज ५५ लिटर, हर घर नल, आणि खरंच लाखो घरांत पहिल्यांदा नळ आला, हे काम मोठंच आहे, बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरणं याचं मोल मला कुणी सांगायला नको. पण नळ बसला हे मोजणं आणि त्या नळाला पुढची १५ वर्षं पाणी चढवायला पंचायतीला किती वीज लागेल हे मोजणं, यातलं दुसरं आपण करतच नाही.

चौथा आक्षेप साधा आहे. एवढ्याशा गावात ऑडिटचा खर्चच बचतीपेक्षा जास्त होईल. मोठ्या शहराच्या पद्धतीचं ऑडिट केलं, शंभर पानांचा रिपोर्ट मागवला, तर होईलच. पण गावाला तो रिपोर्ट नकोय. टाकीवर लिटर रंगवून लिहिलेले असतात, मोबाइलमध्ये घड्याळ असतं, वीजमीटर भिंतीवर असतो. टाकी रिकामी असताना मीटर वाचा, भरल्यावर वाचा, वजाबाकी करून टाकी जितक्या हजार लिटरची आहे त्या आकड्याने भागा. उंचीच्या हिशेबाने जेवढं लागायला पाहिजे त्याच्या दुपटीपर्यंत असेल तर ठीक, तिप्पट असेल तर काहीतरी बिघडलंय. हे नववीचा मुलगा करू शकतो. मग ज्या गावांत तिप्पट येतं तिथेच जाणकार माणसाने जायचं. तालुक्याला पाइप न कापता बाहेरूनच पाण्याचा प्रवाह मोजणारा एक क्लॅम्प-ऑन फ्लो मीटर आणि विजेचा वापर तपासणारा एक पॉवर ॲनालायझर पुरतो, औंधच्या आयटीआयची आणि सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी विषय शोधत असतात, एका तालुक्याची सगळी पंपहाउसं ती एका सेमिस्टरमध्ये मोजून देतील. पैशाचं म्हणाल तर १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २६ साठी पंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. त्यातून किती पंचायतींनी एक फ्लो मीटर घेतला असेल?

काहीजण म्हणतील की पाणी स्वस्त पडलं की लोक जास्त उपसतील, भूजल अजून खाली जाईल. ही भीती खोटी नाही, बोअरवेलच्या बाबतीत तर अजिबातच नाही. पण महाग आणि बिघडलेला पंप म्हणजे पाण्याची काटकसर नव्हे, ती फक्त गैरसोय आहे आणि ती आधी गरीब वस्तीच्या वाट्याला येते, पाइपलाइनच्या शेवटच्या घरांना. उपसा धरून ठेवायचा तर हिवरेबाजारसारखं पाण्याचं अंदाजपत्रक करावं लागतं, किती पडलं, किती मुरलं, किती उचलायचं. कराडशेजारच्या मलकापूरने मीटर लावले, वापराप्रमाणे चढता दर लावला आणि चोवीस तास पाणी दिलं, तिथे लोकांनी काही पाणी उधळलं नाही, उलट साठवून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून ओतून द्यायची सवय गेली.

मोजमापाच्या आधीचा एक प्रश्न मात्र आपण विसरतो, इथे पंप लागतोच का? पुण्यात बसून हा प्रश्न विचारायला आपल्याला लाज वाटायला नको, कारण १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं ते नुसत्या उतारावर. मध्ये गाळ बसायला टाक्या, गावात हौद, काळा हौद, बदामी हौद, आणि युनिट शून्य. शहर वाढलं, पुढे ते पाणी पुरणं शक्यच नव्हतं, हे कबूल. पण वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, मी एक वाडी बघितली जिच्या डोक्यावर डोंगरात झरा आहे आणि वाडीला पाणी मात्र खालून, धरणाच्या फुगवट्यातून पंपाने चढवतात. झरा एप्रिल-मेमध्ये आटतो म्हणून योजनेत तो धरलाच नाही. अहो, पण उरलेले नऊ-दहा महिने तो वाहतो ना? दोन महिने पंप चालवा, बाकी वर्षभर उतारावर पाणी घ्या. झऱ्यांचा अभ्यास करणारी अक्वाडॅमसारखी संस्था पुण्यातच आहे. भोर, मुळशी, मावळ, राजगड या पट्ट्यात प्रत्येक नव्या योजनेआधी वरच्या बाजूला फिरून यायला काय हरकत आहे? आणि जिथे पंप लागतोच, तिथे पाइप तीन इंचीऐवजी चार इंची टाकला तर तेवढ्याच पाण्याला घर्षण चौथ्या हिश्शावर येतं, हे एकदाच खर्चाचं काम आहे आणि त्याला ना देखभाल लागते ना ऊन.

सांडपाण्यातपण हीच चूक आता आपल्या डोळ्यांदेखत होतेय. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२० पासून, गावच्या सांडपाण्यावर काम सुरू झालं आणि ते फार गरजेचं होतं. पण शहरासारखा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) म्हणजे प्रगती अशी एक समजूत गावांत पसरतेय. एसटीपीतली निम्मी किंवा त्याहून जास्त वीज पाण्यात हवा मारणाऱ्या ब्लोअरला लागते, आणि पंचायतीचे पैसे संपले की पहिला बंद होतो तो ब्लोअर. मग ते घाण पाणी साठवायचं काँक्रीटचं टाकं होऊन बसतं. ३ हजार वस्तीच्या गावात घरोघरी शोषखड्डे, नांदेडच्या गावांनी केले तसे, आणि उरलेल्या पाण्याला स्थिरीकरण तळं, जिथे पाणी साठून आपोआप शुद्ध होतं, किंवा कर्दळ-बोरूच्या मुळांतून पाणी गाळणारा रूट झोन, यात ब्लोअर लागतच नाही. शहराला खेटलेल्या हवेली-मुळशीच्या गावांत गायरान उरलेलं नाही, तळ्याला जागा नाही, तिथे एसटीपी लागणार हे मला पटतं. तिथे पाण्यात बारीक बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर, पाण्यातला ऑक्सिजन बघून कमी-जास्त चालणारा ब्लोअर आणि महिन्याच्या विजेचा आकडा टेंडरमध्येच बांधून घेतलेला पाहिजे. जागा असूनही एसटीपी मागणाऱ्या गावाला मात्र कुणीतरी बसवून समजावलं पाहिजे, आणि हे काम उद्घाटनाच्या आधी करायचं असतं.

पुणे जिल्ह्यात सध्या बऱ्याच गावांत नव्या योजना पूर्ण होऊन पंचायतीच्या ताब्यात येतायत किंवा येणार आहेत. माझं सगळं लक्ष त्या एका दिवसाकडे आहे. एकदा हस्तांतरणाच्या कागदावर सरपंचाची सही झाली की अर्धा बंद व्हॉल्व्ह पण गावाचा, ९० मीटरचा पंप पण गावाचा आणि पुढच्या १५ वर्षांचं बिल पण गावाचं. सहीच्या आधी मात्र गावाचा हात वर असतो. त्या दिवशी व्हॉल्व्ह पूर्ण उघडून टाकी भरून दाखवा म्हणायचं, स्टार्टर पडतो का बघायचं, मीटर आधी आणि नंतर वाचायचा, आणि तो आकडा ठरावात लिहून मगच सही करायची. पंप बदलून द्यायला लावायची ती शेवटची संधी असते.

आमच्या गावाने गेल्या ग्रामसभेत असा ठराव केला, शेजारच्या वाडीची नवी योजना ताब्यात घ्यायच्या आधी. मसुदा काकांनी लिहिला, पण त्यातला आकडा दादांच्या वहीतला होता. ते आता रोज सकाळी मीटर वाचतात आणि भिंतीवर खडूनेपण लिहितात, टाकी किती वेळात भरली, युनिट किती. त्यांचा पगार महिनोन्महिने थकतो, तो पण विषय त्याच सभेत निघाला आणि बचतीतून आधी त्यांचा थकलेला पगार द्यायचा असं ठरलं. परवा फोन आला होता, "ताई, काल चार तास दहा मिन्टं लागली भरायला, युनिटबी वाढलंय. कुठंतरी लीक असंल, आज लाइनीवर जातोय बघायला."